दोन थाऊची जागा

आमच्या घरात कापड गजाने मोजलं जाई, लाकूड सुताने आणि अब्बांचं काम थाऊने. गज आणि सूत मला लहानपणीच कळले, कारण ते डोळ्यांना दिसत. थाऊ दिसत नसे. इंचाचे हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक थाऊ. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड. सिगारेटचा पातळ कागद एक थाऊच्या आसपास. अम्मी चिडली की म्हणायची, "तेरे अब्बा को तो सालन में नमक भी थाऊ के हिसाब से चाहिये." अब्बा त्यावर काही बोलत नसत. ते मुळातच कमी बोलत. दिवसभर इंजिनांचं बोलणं ऐकून त्यांना माणसांचं बोलणं पुरे होत असावं.

आमच्या गावाला दोन नावं आहेत. रेल्वेच्या पाटीवर वडसा, नगरपालिकेच्या पाटीवर देसाईगंज. गावकरी वडसाच म्हणतात. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या जंगली जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वेचं एकच स्टेशन आलं, ते आमचं. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याला जाणारी गाडी तेव्हा अडीच फुटी छोट्या रुळांवरून यायची. रूळ रुंद झाले ते नव्वदच्या दशकात. कुरखेडा, कोरची, धानोऱ्याकडचं सागवान, बिजा, बांबू असं सगळं ट्रकमध्ये भरून वडशाला उतरायचं. लाकडाचा आगार, धानाच्या गिरण्या आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या, ह्यांच्यावर गाव जगायचं. ह्या तिन्ही धंद्यांना इंजिन लागायचं आणि इंजिनाला मिस्त्री लागायचा. अशा गावांत मिस्त्री, कल्हईवाला आणि लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर हे बहुधा आमच्याच मोहल्ल्यातले असत. का ते समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगावं. मला एवढंच ठाऊक आहे की शाळेत जमीन असलेल्या मुलांनी हात वर करायचे असत तेव्हा माझा हात खालीच असे.

अब्बांचा जन्म 1939 चा. अकराव्या-बाराव्या वर्षी ते उस्तादांच्या हाताखाली लागले. उस्तादांनी लढाईच्या काळात जबलपूरला फौजी गाड्यांवर काम केलं होतं. महायुद्ध संपल्यावर डिस्पोजलचा माल विकायला निघाला. फोर्ड, शेवरलेट, डॉज, विलीज जीप. फौजेने टाकून दिलेल्या ह्या गाड्यांनी पुढची पंधरा-वीस वर्षं मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांतून लाकूड ओढलं. ज्या जीपचं हिंदुस्थानीकरण पुढे झालं तिच्या कंपनीचा एक किस्सा अब्बा आवडीने सांगत. 1945 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. किस्सा संपवून अब्बा म्हणत, "नाम बदला, बेअरिंग वही रहा." ह्यात त्यांना काय सुचवायचं होतं हे मी कधी विचारलं नाही. बहुधा बेअरिंगबद्दलच बोलत असावेत.

आता बेअरिंग म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. इंजिनातले पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांची ताकद क्रँक नावाच्या वाकड्यातिकड्या दांड्यातून गोल फिरून बाहेर पडते. हा दांडा ब्लॉकमध्ये ज्या गळ्यांवर टेकून फिरतो ती मेन बेअरिंगं. अर्धा गळा ब्लॉकमध्ये, अर्धा खालून बोल्टने आवळलेल्या कॅपमध्ये. आतून मऊ, पांढुरक्या धातूचा थर. मिस्त्री त्याला व्हाईट मेटल म्हणतात, पुस्तकात बॅबिट असं नाव आहे. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन सोनाराने 1839 मध्ये तो शोधला. बहुतेक भाग कथील, थोडं अँटिमनी, थोडं तांबं. दांडा पोलादाचा आणि गळा मऊ, हे उलटं वाटतं. पण खुबी त्यातच आहे. तेलातून एखादा रेतीचा कण आला तर तो मऊ धातूत रुतून बसतो, दांड्याला ओरखडत नाही. तेल संपलं तर धातू वितळतो, दांडा वाचतो. बेअरिंग जळून क्रँकला वाचवतं.

दांडा आणि गळा यांच्यामध्ये तेलाला जागा हवी. जुना हिशेब असा की दांड्याच्या दर इंच जाडीला एक थाऊ. पावणेतीन इंचाचा दांडा असेल तर दोन-अडीच थाऊ. जागा कमी पडली तर तेल शिरत नाही, बेअरिंग तापून दांडा जाम होतो. जास्त झाली तर तेल बाजूने निसटून जातं, प्रेशर पडतं आणि चढावर ट्रक लागला की पोटातून धप्‌ धप्‌ असा जाड आवाज येतो. कनेक्टिंग रॉडचा ठोका पातळ असतो, एक्सिलरेटर सोडला की टकटकतो. मेनचा ठोका जाड, ओझ्याखाली येतो. अब्बा रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून अम्मीला सांगत, "ये परसों आयेगा." आणि तो येई.

शिम म्हणजे कॅप आणि ब्लॉक यांच्या सांध्यात, दोन्ही बाजूंना घालायच्या पितळेच्या पातळ पट्ट्या. नवं बेअरिंग बसवताना तीन-चार शिम घालून ठेवायचे. वर्ष-दीड वर्षात धातू झिजला, जागा वाढली की चेंबर उतरवून कॅप खोलायची, दोन्ही बाजूंचा एकेक शिम काढायचा, कॅप तेवढीच वर सरकते आणि जागा पुन्हा पहिल्यासारखी. जंगलातले ड्रायव्हर हे काम रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली करत. रॉडचं बेअरिंग अगदीच जळालं तर कमरेचा चामड्याचा पट्टा कापून त्याच्या जागी घालायचा आणि रिकामी गाडी हळूहळू वडशाला आणायची, अशाही गोष्टी मी ऐकल्या आहेत. काही आळशी मिस्त्री शिम संपले की कॅपच कानशीने घासत. अब्बांना त्याचा फार तिटकारा. शिम काढला तर परत घालता येतो, घासलेलं लोखंड परत येत नाही आणि गळा गोल न राहता लिंबासारखा चपटा होतो. कॅप घासणाऱ्या मिस्त्रीकडे ते ईदलासुद्धा शिरखुर्मा प्यायला जात नसत.

1954 मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेन्झबरोबर ट्रक काढायला सुरुवात केली आणि हळूहळू जुन्या गाड्यांचं राज्य संपलं. नव्या इंजिनांत पातळ शेल बेअरिंग. डबा आणा, क्रँक ग्राइंड करून दहा, वीस किंवा तीस थाऊ कमी करा, त्या मापाचं शेल बसवा, बोल्ट सांगितल्याइतका आवळा. शिम नाही, खरवडणं नाही. अब्बा तेही काम शिकले आणि चाळीस वर्षं केलं. पण त्याला ते 'फिटिंग' म्हणत नसत. 'बदली करना' म्हणत.

मला त्यांनी ह्यातलं काहीच शिकू दिलं नाही. गॅरेजमध्ये जेवणाचा डबा पोचवायचा आणि परत यायचं. एकदा मी स्क्रॅपर उचलला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातून शांतपणे काढून घेतला आणि चिंधीने माझे हात पुसले. मी डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, मुलांना इंच आणि सेंटिमीटर शिकवले आणि 2019 मध्ये रिटायर झालो. धाकटा भाऊ गॅरेजमध्ये आला, पण त्याच्या हाती ट्रॅक्टर आणि पिकअप आले. त्याला मेन बेअरिंग म्हणजे डब्यातून निघणारी वस्तू.

2022 च्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एका जुन्या मालगुजार घराण्यातला नातू घरी आला. पस्तिशीचा मुलगा, पुण्याला नोकरी. आजोबांची शेवरलेट बैलांच्या कोठ्यात उभी होती. 1939 ची, सहा सिलिंडरची, 216 घनइंचाची, पंच्याऐंशी घोड्यांची. त्या काळी जनरल मोटर्सचा मुंबईला शिवडीत कारखाना होता. 1928 ते 1954 पर्यंत तिथे खोक्यांतून आलेल्या गाड्या जोडल्या जात. नातवाला गाडी चालू करायची होती. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने इंजिन खोललं, मागचं मेन बेअरिंग फुटलेलं पाहिलं आणि सल्ला दिला की हे भंगारात घाला, डिझेल इंजिन बसवून देतो.

"चाचा, ते म्हणतेत का हे काम करणारा आता कोणी ऱ्हायला नाही. पण डिझेल टाकलं का गाडी गेली."

'गाडी गेली' ह्याला कायद्याचा अर्थ होता. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. डिझेल बसवलं तर ती व्हिंटेज राहणार नव्हती आणि साधी गाडी म्हणून तर तिला रस्त्यावर कोण येऊ देणार! शिवाय त्या मुलाची आजी ह्याच गाडीतून सासरी आली होती. ती अजून हयात होती, नव्वदीच्या पुढे. हे त्याने सगळ्यात शेवटी, उठता उठता सांगितलं.

भावाने मला बाजूला घेतलं. अब्बा त्र्याऐंशी वर्षांचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. कानांनी कमी ऐकू येत होतं. चहाचा कप उचलताना बशीत सांडे. क्रँकला ओरखडा आला तर दुसरी क्रँक कुठून आणायची? "अब्बा का नाम है, वो भी जायेगा," तो म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. मी आत जाऊन अब्बांना विचारलं. त्यांनी मालगुजाराच्या नातवाला एकच प्रश्न विचारला, "शिम साथ लाये क्या?"

त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीतून कॅपा आणि काळे पडलेले शिम काढले. अब्बांनी ते डोळ्यांजवळ न नेता बोटांत फिरवले. कोणाच्या एका कोपऱ्याला कात्रीने तिरपा काप होता, कोणाच्या दोन कोपऱ्यांना. उस्तादांना वाचता येत नव्हतं. त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. एक कोपरा कापलेला म्हणजे दोन थाऊ, दोन कोपरे म्हणजे पाच. कापच नसेल तर दहा. हे शिम अब्बांनी स्वतः कापले होते. 1961 मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी, उस्तादांच्या देखरेखीखाली त्यांनी पहिल्यांदा संपूर्ण इंजिन फिट केलं ते हेच. मला हे माहीतच नव्हतं. "तेरी पैदाइश पे दाई को इसी के पैसे दिये थे," ते म्हणाले, आणि मग मालगुजाराच्या नातवाकडे वळून साध्या मराठीत, "पोहचवून द्या इंजन. घाई नका करू."

हात थरथरत होते, त्यामुळे काम मीच करायचं असं आपोआप ठरलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा त्यांनी स्टूल ओढून घेतलं होतं आणि समोरच्या पाटावर तेल लावलेला स्क्रॅपर ठेवला होता. त्रिकोणी कानशीचे दात दगडावर घासून काढून त्याच्या तीन धारा केलेल्या. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी माझ्या हातून काढून घेतलेला तोच, की दुसरा, ते मी विचारलं नाही.

आधी फुटलेलं बेअरिंग ओतायचं होतं. जुना धातू वितळवून काढला. कवच रॉकेलने, मग सोड्याच्या पाण्याने धुतलं. त्यावर नवसागर मारून कथलाची कल्हई करायची, नाहीतर नवा धातू पोलादाला धरत नाही. कल्हईवाले मोहल्ल्यातून गेल्याला वीस वर्षं झाली, तरी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याच्या घरी नवसागराचा खडा निघाला. मधल्या गाभ्याला दिव्याची काजळी धरली म्हणजे धातू त्याला चिकटणार नाही. साचा गरम करून घेतला. अब्बांनी तीनदा विचारलं, "पानी तो नहीं?" साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. उस्तादांच्या गालावर त्याचे डाग होते.

धातू किती तापला हे कळायला थर्मामीटर नव्हतं. बांबूची कामटी बुडवायची. नुसती ओलसर दिसली तर थंड, पेटली तर फार गरम, आणि न पेटता तपकिरी-काळी पडली तर बरोबर. हे साधारण सव्वाचारशे अंश सेल्सियस होतात, हे मी नंतर पुस्तकात पाहिलं. अब्बांनी काळी पडलेली कामटी हुंगली आणि मान हलवली. एका धारेत, न थांबता ओतायचं. मधे थांबलं तर तिथे थर पडतो आणि पुढे तिथूनच सुटतो. मी ओतलं. थंड झाल्यावर त्यांनी कवच दोरीला टांगून पान्याने टिचकी मारायला लावली आणि ते दातांनी ऐकलं. हो, दातांनी. कान गेल्यापासून ते लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून ऐकत. घंटेसारखा आवाज आला तर धातू पाठीला धरला, बद्द आला तर मध्ये पोकळी. आवाज स्वच्छ होता म्हणे. मला तर दोन्ही सारखेच वाटले असते.

लेथवर गाळा थोडा कमी मापाने कातून आणला आणि खऱ्या कामाला सुरुवात झाली. इंजिन सागाच्या ओंडक्यांवर उलटं ठेवलेलं. ह्या शेवरलेटचं एक वैशिष्ट्य असं की चारही मेन एका मापाचे नसतात, पुढून मागे किंचित जाड होत जातात. कॅपांवर छिन्नीने एक, दोन, तीन, चार ठिपके होतेच. क्रँकच्या मानेवर निळा रंग बोटाने इतका पातळ लावायचा की लोखंड खालून दिसलं पाहिजे. क्रँक गळ्यात ठेवायची, कॅप आवळायची, दोन फेरे फिरवून पुन्हा उचलायची. बेअरिंगवर जिथे निळे ठिपके पडले ती उंच जागा. तेवढीच खरवडायची. पुन्हा रंग, पुन्हा क्रँक. पहिल्या वेळी मागच्या बेअरिंगवर फक्त तीन ठिपके, तेही एका कडेला. म्हणजे अख्खं वजन तीन तांदळांएवढ्या जागेवर. असं चालवलं तर क्रँक दर फेऱ्याला तिथे किंचित वाकते आणि काही हजार मैलांनी तुटते.

स्क्रॅपर दाबायचा नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. तो नुसता टेकवून ओढायचा असतो, हजामाच्या वस्तऱ्यासारखा. एका वेळेला निघतो तो धातूचा भुगाही नव्हे, जणू साय. अब्बा स्टुलावर बसून माझ्या हाताकडे नव्हे, खांद्याकडे पाहत. खांदा वर गेला की म्हणत, "जोर आ गया." आणि दर वेळी बोटाचं टोक बेअरिंगवरून फिरवत. त्यांची बोटं कप धरू शकत नव्हती, पण अर्ध्या थाऊचा उंचवटा त्यांना कळत होता. मी त्याच जागी बोट फिरवी आणि मला काचेसारखं गुळगुळीत लागे. चौथ्या दिवशी एका ठिकाणी मला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मी बोललो नाही. त्यांनी बोट फिरवलं आणि नेमक्या तिथेच थांबवलं.

तेवीस वेळा क्रँक उचलली. ती जड असते, सहा सिलिंडरची. रोज दुपारनंतर भाऊ ट्रॅक्टर सोडून एका टोकाला हात लावायला येऊ लागला. पहिल्या दिवशी कुरकुरत, नंतर न बोलावता. तेविसाव्या वेळी बेअरिंगभर निळे ठिपके उठले, धान पेरल्यासारखे सारखे.

मग शिम. चारही बेअरिंगं एकदम आवळायची नाहीत. एक आवळायचं, तपासायचं, सैल करायचं, मग दुसरं. तपासायची अब्बांची रीत सोपी होती. दोन थाऊ पितळेचा अर्धा इंच रुंद, इंचभर लांब तुकडा, कडा घासून गोल केलेल्या, तेल लावून मानेवर ठेवायचा आणि कॅप पूर्ण आवळायची. क्रँक हाताने फिरता कामा नये, अडकली पाहिजे. तुकडा काढून पुन्हा आवळायची. आता ती हाताने फिरली पाहिजे. तुकड्यासह फिरली तर जागा जास्त, शिम काढा. तुकड्याविना अडली तर जागा कमी, शिम घाला. दोन्ही बाजूंना सारखेच. "एक तरफ ज़्यादा दिया तो टोपी तिरछी बैठती है," असं ते म्हणत. पहिल्या तीन बेअरिंगांना 1961 चे शिमच लागले, फक्त दोन ठिकाणी एकेक दोन थाऊवाला कमी करून. जवळजवळ एकसष्ट वर्षांत त्या गाडीच्या तीन बेअरिंगांची झीज तेवढीच होती. गाडी फारशी चाललीच नसावी, हे खरं. पण अब्बांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यात मला हा मुद्दा काढावासा वाटला नाही.

मागच्यासाठी नवे शिम कापायचे होते. पितळेचा पत्रा, कात्री आणि बोल्टच्या भोकासाठी पंच. मी कापले. दोन थाऊच्या शिमचा एक कोपरा तिरपा कापायला मी कात्री लावली तेव्हा अब्बा म्हणाले, "तू तो पढ़ा-लिखा है, नंबर डाल दे." मी कोपराच कापला.

शेवटी क्रँकची पुढे-मागे सरक पाहिली, पाच थाऊ. चालेल म्हणाले. चेंबर बसवण्याआधी मला तेलाच्या पळ्या दाखवल्या. ह्या इंजिनात रॉडला प्रेशरने तेल जात नाही, रॉडच्या टोकाला पळी असते आणि ती दर फेऱ्याला खालच्या पन्हळीतून तेल उचलते. मेनला मात्र पंपाचं तेल. "ऊपरवाले के भरोसे नहीं, पळी के भरोसे," हा त्यांचा त्या आठवड्यातला एकमेव विनोद.

गाडी सुरू झाली ती फेब्रुवारीत. सेल्फला हात लावू दिला नाही. आधी प्लग काढून हँडलने फिरवत राहायचं, तेल वर चढेपर्यंत. मग प्लग लावून हँडल. चौथ्या झटक्याला धरली. अब्बांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकच्या खालच्या अंगाला, मागच्या मेनजवळ टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मालगुजाराचा नातू, भाऊ, शेजारच्या राईस मिलचे दोन हमाल आणि रस्त्यावरून जाणारा एक नाटक कंपनीचा पेटीमास्तर असे आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत उभे होतो. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी मूठ दातांतून काढली, चिंधीने पुसली आणि विचारलं, "पानी डाला क्या रेडिएटर में?"

मजुरी त्यांनी ठरवू दिली नाही. नातवाने पाकीट पुढे केलं, त्यातले त्यांनी काही ठेवले, काही परत दिले. कशाच्या हिशेबाने ते मला आजही उमगलेलं नाही. अट एकच घातली. पाचशे मैल झाले की आणायची, चेंबर उतरवायचं, बेअरिंगं पाहायची. नव्या बेअरिंगला बसायला तेवढं लागतं. सावकाश चालवायची, तेल पातळ होऊ द्यायचं नाही.

ती आजीबाई गाडीत बसली, असं फोनवर कळलं. कोठ्यापासून देवळापर्यंत आणि परत. फार काही बोलली नाही, खिडकीची काच खाली कर म्हणाली.

अब्बा त्या पावसाळ्यात गेले. गॅरेजमधल्या त्यांच्या पेटीत मायक्रोमीटर, तीन स्क्रॅपर, निळ्या रंगाची आटलेली डबी आणि एका विड्यांच्या जुन्या डब्यात कापलेल्या कोपऱ्यांचे शिम होते. भावाने पेटी माझ्या घरी आणून ठेवली. "मेरे किस काम की," म्हणाला. त्याचा मोठा मुलगा आयटीआयला जातो, तो कधी कधी येऊन डबा उघडतो आणि कोणता शिम किती थाऊचा ते न पाहता सांगण्याचा प्रयत्न करतो. अजून पाचाला दोन म्हणतो.

पुढच्या वर्षी जानेवारीत गाडी आली. मीटरवर पाचशे वीस मैल. मी चटई टाकून गाडीखाली शिरलो, चेंबर उतरवलं. पुतण्या बॅटरी धरून होता. मागची कॅप खोलली. बेअरिंगचा रंग एकसारखा करडा झालेला, कुठे चमकदार पट्टा नाही, चिरेची खूण नाही. मानेवर तेल लावून दोन थाऊचा तुकडा ठेवला, कॅप आवळली आणि पुतण्याला पुढून हँडल फिरवायला सांगितलं.

"नहीं घूम रहा, बड़े अब्बा."

तुकडा काढला. पुन्हा आवळली. फिरली. शिम काढायची गरज नव्हती. बोल्टला तार बांधली, उरलेली तीन बेअरिंगं तपासली, चेंबरचं कॉर्कचं पॅकिंग जुनंच लावलं कारण नवं अजून आलं नव्हतं, आणि नातवाला सांगितलं की पॅकिंग येईपर्यंत खाली ठिबकेल थोडं, घाबरू नका.